ओढ्याचं माथं कुठं आहे? बालाघाटची जुनी टोपोशीट वाचताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणाऱ्या ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे की’ यांना थोडी कात्री लावली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सोनारीच्या एका श्रोत्याचा निरोप आला होता. सोनारी म्हणजे परांडा तालुक्यातली, काळभैरवनाथाची सोनारी. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: गावातली जुनी माणसं सांगतात की वर भूमच्या अंगाला घाटात दाट रान होतं आणि ओढ्यांना उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकायचं. तरुण पोरांना या सगळ्या गप्पा वाटतात. आता ओढ्याच्या कामाचा आराखडा करायचाय. खाली गावाजवळ खोलीकरण करायचं की वर माथ्याकडं बांध घालायचे, यावर ग्रामसभेत दोन तट पडलेत. इंग्रजांच्या काळातला नकाशा बघून हे मिटेल का?

प्रश्न साधा नाही. या भागात पाणी नसलं तरी भांडण आणि जास्त आलं तरी भांडण. २०२५च्या सप्टेंबरात सीना आणि तिच्या उपनद्यांना पूर आला तेव्हा परांडा-भूम भागात शेतं खरवडून गेली, वस्त्यांतून माणसं बाहेर काढावी लागली. एरवी हाच भाग टँकरची वाट बघणारा. त्यामुळं पाणी वरून कुठून आणि किती वाटांनी खाली येतं, हा इथं जगण्याचा प्रश्न आहे.

उत्तर आधीच सांगतो: जुना नकाशा अर्धा वाद मिटवेल. ओढे कुठं उगम पावतात आणि कोणत्या वाटेनं उतरतात हे तो बऱ्यापैकी खात्रीनं सांगतो. रान किती दाट होतं हे मात्र त्याला विचारताना जपून विचारावं लागतं. हे का, ते समजून घेऊ.

आधी शीट शोधू.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांना क्रमांक देण्याची पद्धत एकदा कळली की देशातल्या कुठल्याही गावाची शीट तुम्ही वहीवर आकडेमोड करून काढू शकता. देशाचे चार अंश गुणिले चार अंश असे मोठे चौकोन केलेत आणि प्रत्येकाला एक आकडा आहे. १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांमधला चौकोन म्हणजे ४७. मुंबई, पुणे, सोलापूर, आपलं परांडा, सगळं यातच. या चौकोनाचे एकेका अंशाचे सोळा भाग, ए पासून पी पर्यंत. अक्षरं डावीकडच्या उभ्या रांगेत वरून खाली जातात, मग शेजारच्या रांगेत पुन्हा वरून. १८ ते १९ अक्षांश आणि ७५ ते ७६ रेखांश हा भाग येतो ‘एन’ मध्ये. म्हणजे ४७ एन. या एका अंशाचे परत पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, १ ते १६, त्याच उभ्या क्रमानं.

परांडा शहर साधारण १८ अंश १६ मिनिटं आणि ७५ अंश २७ मिनिटांवर आहे. रेखांशाप्रमाणं दुसरी उभी रांग, अक्षांशाप्रमाणं वरून तिसरा तुकडा. पहिल्या रांगेत १ ते ४ संपले, दुसरीत ५, ६, ७. म्हणजे ४७ एन/७. भूमचं गणित असंच मांडलं तर ४७ एन/११ येतं. तुमच्या वस्तीचे अक्षांश-रेखांश फोनमध्ये बघा आणि करून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. वस्ती कडेला असेल तर शेजारची शीटही लागते. एक मात्र नक्की: सोनारीच्या ओढ्यांचा प्रश्न असेल तर भूमकडची शीट घेतल्याशिवाय भागणार नाही, कारण गाव एका कागदावर आणि त्याच्या पाण्याचं माथं दुसऱ्या कागदावर अशी स्थिती असू शकते.

अशी एक शीट जमिनीवर उत्तर-दक्षिण जवळपास २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २६ किलोमीटरच्या आसपास भाग दाखवते. जुन्या शीटा एका इंचाला एक मैल या प्रमाणावर होत्या, म्हणजे १:६३,३६०. स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धत आली आणि त्या १:५०,००० झाल्या. हातात आलेली शीट कुठली आहे ते आधी बघा, कारण जुनीवर उंची फुटांत असते आणि नवीवर मीटरमध्ये. पन्नास फुटांच्या रेषेला पन्नास मीटर समजून घाट मोजला की बालाघाटाचा हिमालय होतो.

हे नकाशे बनले कसे, हे थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्या खुब्या आणि खोडी दोन्ही त्यात आहेत.

विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. दोन डोंगरमाथ्यांमधलं अंतर ठाऊक असलं आणि तिसऱ्या माथ्याचे कोन मोजले की त्याचं स्थान गणितानं निघतं. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. ही साखळी उत्तरेला सरकत १८१५ मध्ये बीदरजवळ दमरगिड्ड्याला पोचली आणि तिथं आणखी एक पायाभूत रेषा मोजली गेली. तिथून एक फाटा पश्चिमेला, मुंबईच्या दिशेनं निघाला. जॉर्ज एव्हरेस्ट, हो, तोच शिखरवाला, या पश्चिमेकडच्या फाट्यावर काम करत असतानाच लॅम्बटन वारला. जानेवारी १८२३, ठिकाण आपल्या वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट. त्याची कबर आजही तिथं आहे.

त्रिकोणांनी मिळतो तो फक्त सांगाडा. त्यावर ओढे, वाटा, गावं भरण्याचं काम वेगळं. निजामाच्या राज्यात हे काम १८१६ पासून जेम्स गार्लिंगच्या हाताखाली सुरू झालं. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हे विसरू नका. मध्येच १८५३ च्या तहानं वऱ्हाडाबरोबर हा धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही कंपनी सरकारकडे गेला आणि १८६० मध्ये परत निजामाकडे आला. त्या मधल्या काळात नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर बघत होता, ठगाची कादंबरी लिहिणारा तोच. त्यानंही जिल्ह्याची मोजणी हाती घेतली होती, पण ती महसुलासाठी. मोजणी कोणासाठी होते, त्यावर कागदावर काय येतं ते ठरतं. महसुलाच्या मोजणीला पिकणारी जमीन हवी असते, लष्कराच्या मोजणीला तोफा जातील असा रस्ता हवा असतो. ओघळ कुठं सुरू होतो, हे कुणाचंच मुख्य काम नव्हतं. तरी ते कागदावर आलं, हे आपलं नशीब.

सुरुवातीच्या नकाशांवर डोंगर बारीक बारीक रेघांनी, सुरवंटासारखे काढलेले दिसतात. देखणे असतात, पण त्यावरून उंची काढता येत नाही. १९०५ नंतर सर्वेक्षण विभागानं नव्यानं, रंगीत आणि समोच्च रेषांसह मोजणी हाती घेतली आणि आपण ज्याला टोपोशीट म्हणतो ते रूप आलं. तपकिरी समोच्च रेषा, निळं पाणी, हिरवी झाडी, पिवळी शेती, लाल वस्ती आणि रस्ते. पाण्याचं माथं शोधायचं तर इथून पुढच्या शीटा कामाच्या.

आता पाणी. इथं जरा थांबून बोलणार आहे, कारण बहुतेक जण इथंच फसतात.

शीट उघडली की तुम्ही निळ्या रेषा शोधायला लागता. मराठवाड्याच्या शीटवर निळं फार कमी सापडतं. मग माणूस म्हणतो, बघा, तेव्हासुद्धा इथं ओढे नव्हते. ओढे आहेत, पण ते काळ्या रेषेनं दाखवलेत. ज्या पात्रात वर्षभर पाणी असतं ते निळं. जे कोरडं पडतं ते काळं. मोठ्या नदीचं वाळवंट आणि त्यातून जाणारी पाण्याची बारीक धार असेल तर दोन काळ्या काठांमध्ये एक निळी रेघ दिसते. म्हणजे बारमाही की हंगामी, हा वाद मिटवायला रंग बघायचा.

पण त्यात एक मेख आहे. मोजणीदार रानात केव्हा असायचे? पावसाळा संपला की तंबू बाहेर पडायचे आणि उन्हाळा तापला की परत. पावसाळ्यात मुख्यालयात बसून नकाशे पक्के करायचे. तिपाईवर लाकडी फळा, त्यावर कागद, समोरच्या खुणांकडं नजर लावून जागच्या जागी रेषा ओढायच्या, अशी पद्धत. सोबत खलाशी, निशाणवाले आणि गावातला कुणीतरी माहीतगार. आता एखाद्या ओढ्यावर मोजणीदार नोव्हेंबरात पोचला असेल तर त्याला वाहतं पाणी दिसणार आणि एप्रिलमध्ये पोचला असेल तर रेती. तो गावकऱ्यांना विचारायचा हे खरं, पण एका वर्षी चांगला पाऊस झालेला असेल तर उत्तरही त्याच वर्षाचं. म्हणून निळा तुकडा दिसला तर त्यावर विश्वास ठेवा. काळी रेघ दिसली तर तिचा अर्थ एवढाच घ्या की हा ओढा बाराही महिने वाहतो असं कुणी म्हटलं नाही. तो जानेवारीपर्यंत वाहायचा की मार्चपर्यंत, याचं उत्तर नकाशात नाही. ते म्हाताऱ्या माणसांकडंच आहे. आणि सोनारीच्या जुन्या माणसांचं म्हणणं ‘उन्हाळ्यापर्यंत’ असं आहे, ‘उन्हाळाभर’ असं नाही. हे म्हणणं आणि काळी रेघ एकमेकांच्या विरोधात जात नाहीत.

निळ्यात आणखी एक बघण्यासारखं: विहिरी आणि झरे. बांधीव आणि बिनबांधीव विहिरींना वेगळी खूण असते. १९७२च्या दुष्काळानंतर बोअर सगळीकडं पसरले. त्याआधीच्या शीटवर जी विहीर किंवा झरा दिसतो ते उथळ पाणी. अशा विहिरी एका ओळीत, एकाच उंचीवर दिसल्या तर पेन्सिलीनं जोडून बघा. आपल्याकडचा काळा पाषाण थरांवर थर असा आहे. भेगाळलेल्या, मुरमाड थरातून पाणी खाली मुरतं आणि खालच्या घट्ट थरावर अडलं की आडवं सरकून उताराच्या अंगाला बाहेर पडतं. त्यामुळं झरे बऱ्याचदा एका पातळीला लागतात. वर कुठं पाणी मुरवलं तर खाली कुणाच्या विहिरीला लागेल, याचा पहिला अंदाज ही ओळ देते.

पात्राच्या काठाला कुठं कुठं बारीक आकडा आणि पुढं इंग्रजी छोटा ‘आर’ दिसेल. तीन आर, पाच आर असा. ही काठाची तळापासूनची उंची. हा आकडा ग्रामसभेत घेऊन जा. त्या काळी ओढा किती खोल होता ते इथं लिहिलंय. आज जेसीबीनं खोलीकरण करून तो त्याच्या दुप्पट झाला असेल तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी ओढ्यात उतरतंय का, हा प्रश्न विचारायला हा पुरावा पुरतो. उलट गाळानं भरला असेल तर तेही कळेल. एककाचं भान तेवढं ठेवा, फूट की मीटर.

आता माथ्याकडं चला.

समोच्च रेषा ओढ्यापाशी आल्या की इंग्रजी व्ही सारखा कोन करतात. कोनाचं टोक चढाकडं असेल तर ती घळ, टोक उताराकडं असेल तर ती सोंड. एवढं एक सूत्र पाठ केलं तरी पुरे. कारण मग मोजणीदारानं न काढलेले ओघळही तुम्हाला दिसायला लागतात. काळी रेघ जिथं संपते तिथं व्ही संपत नाहीत. ते आणखी वर, दोन-तीन रेषांपर्यंत जातात आणि मग हळूहळू सपाट होतात. ती जागा म्हणजे ओढ्याचं माथं. आपल्या भाषेत त्याला ओघळ, मग ओहोळ, मग ओढा अशी चढती नावं आहेतच. शेतकरी ज्याला लवण म्हणतो ते या सगळ्यांच्या वर. नकाशाची काळी रेघ बहुतेक वेळा ओहोळापासून सुरू होते. लवण आणि ओघळ तुम्ही रेषांतून वाचायचे.

सोनारीच्या प्रश्नाचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं उत्तर इथं आहे. जुन्या शीटवर गावाच्या ओढ्याला वरून येऊन मिळणाऱ्या लहान वाटा मोजा. ज्यांना दुसरी कुठलीच वाट मिळत नाही, अशा अगदी सुरुवातीच्या वाटा. मग तोच भाग उपग्रहाच्या चित्रात बघा. कुठली वाट नांगराखाली गेली, कुठली बांध घालून सपाट झाली, कुठली रस्त्याच्या भरावानं अडली ते एकेक करून दिसेल. पाऊस मात्र नकाशा विसरत नाही. पाच वाटांनी उतरणारं पाणी दोन वाटांनी उतरायला लागलं की त्या दोन वाटांवरची माती घेऊन ते खाली येतं. म्हणून माझं मत विचाराल तर पैसा आधी वर जावा. पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ हा शब्द सगळे वापरतात आणि काम मात्र पायथ्यापासून सुरू करतात, कारण पायथ्याशी जेसीबी पोचतो आणि फोटो चांगला येतो. जलयुक्त शिवारच्या वेळी बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच झालं अशी टीका झाली होती आणि ती मला रास्त वाटते. जुनी शीट हातात असेल तर माथा म्हणजे नेमक्या किती आणि कोणत्या जागा, हे तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता.

घाटाच्या अगदी वर गेलात की आणखी एक रेषा सापडेल, जी नकाशावर काढलेलीच नाही. दोन्हीकडून येणाऱ्या ओढ्यांची टोकं जिथं पाठीला पाठ लावून थांबतात तिथून पेन्सिल फिरवत न्या. ओढा न ओलांडता जेवढं जाता येईल तेवढं जा. हा जलविभाजक. बालाघाटावर ही साधी रेषा नाही. तिच्या एका अंगाला पडलेला पाऊस सीनेत, सीनेतून सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडलला भीमेत आणि पुढं कृष्णेत जातो. दुसऱ्या अंगाचा पाऊस मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत. तेरणासुद्धा याच अंगाची, तीही शेवटी मांजरेलाच मिळते. एकाच माळावर पडलेले दोन थेंब समुद्राला लागताना आंध्रात दोन वेगळ्या मुखांनी लागतात. (हत्तरसंग-कुडल म्हटलं की शके ९४०चा तो मराठी शिलालेख आठवतो. त्यावर एक भाग करायचा आहेच.)

ही पेन्सिलीची रेषा कागदी नाही. १९६९ मध्ये कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांच्या पाणीवाटपासाठी लवाद नेमले गेले आणि दोन्हींचे अध्यक्ष एकच, न्यायमूर्ती बच्छावत. कृष्णेचा अंतिम निवाडा १९७६चा, गोदावरीचा १९८०चा. तेव्हापासून पाण्याचा हिशोब खोऱ्याप्रमाणं होतो. मराठवाड्याचा जो थोडा भाग कृष्णा खोऱ्यात येतो त्याच्या वाट्याचं पाणी म्हणून कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्प उभा राहिला. उजनीतून सीना-कोळेगावकडं पाणी आणण्याचा विषय तुम्ही इतकी वर्षं पेपरात वाचताय, त्याच्या मुळाशी ही डोंगराची पाठ आहे. परांडा तालुका या रेषेच्या कृष्णेच्या बाजूला आहे म्हणून तो त्या योजनेत आहे.

आता रान. जुन्या माणसांचं म्हणणं खरं की खोटं?

शीटवर हिरवा रंग म्हणजे झाडी. त्यावर इंग्रजीत ‘दाट मिश्र जंगल’, ‘विरळ खुरटं रान’ असे शेरे असतात, आणि राखीव वनाची हद्द असेल तर आर. एफ. अशी अक्षरं. या दोन गोष्टींची गल्लत करू नका. हिरवा रंग म्हणजे मोजणीदाराला दिसलेली झाडं. आर. एफ. म्हणजे सरकारनं राखीव म्हणून जाहीर केलेली जमीन. तिथं झाड असेल किंवा नसेलही. हैदराबाद संस्थानाचं वनखातं वेगळं होतं, कायदा वेगळा होता, कागदपत्रं उर्दूत आणि फसली सनात. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो, म्हणजे १३२६ फसली हे १९१६च्या आसपास. तुमच्या घाटातलं एखादं गट राखीव केव्हा झालं याचा माग काढायचा असेल तर ही बेरीज लागणारच.

आज धाराशिव जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. येडशीजवळचं रामलिंग हे त्यातलं सर्वांत परिचित रान. दरीत देऊळ, पावसाळ्यात धबधबा, आजूबाजूला अभयारण्य. जुन्या शीटवर हिरवं कुठं बघायचं, असं विचारलंत तर अशा घळींच्या उतारावर बघा, जिथं समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्यात. उतार तीव्र म्हणून नांगर पोचला नाही, म्हणून झाड राहिलं. आणि देवस्थान असेल तर कुऱ्हाडही जरा थबकली. उगमाजवळ देऊळ ही तर आपली जुनी रीतच आहे. ज्या भीमेला आपली सीना मिळते तिचा उगमही भीमाशंकरच्या रानात देवळापाशी. पण तिथं सह्याद्रीचा पाऊस आहे. आपल्याकडं वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर. तसलं काळंकुट्ट जंगल बालाघाटाच्या या टोकाला नकाशावर शोधू नका.

मग शीटवर माथा हिरवा नसेल तर जुनी माणसं खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही. ‘रान’ हा आपला शब्द आणि इंग्रजी ‘फॉरेस्ट’ हे एक नव्हेत. बोर, बाभूळ, हिवर, धावडा, मध्ये मध्ये कमरेएवढं गवत, हे गुराख्याच्या भाषेत दाट रान असतं. मोजणीदाराच्या भाषेत ते विरळ खुरटं, किंवा काहीच नाही, कोरा पांढरा कागद. महसुलाच्या भाषेत तर ते पडीक. ज्या माळावर शेकडो जनावरं पोसली जायची आणि ज्याच्या जिवावर भूमचा खवा नावाजला, त्या माळाला कागदावर रंगच नाही. नान्नजचा माळढोक ज्या प्रकारच्या माळावर जगला तोही नकाशावर असाच कोरा.

आणि ओढ्याच्या दृष्टीनं बघाल तर गवत कमी कामाचं नाही. मुरमाड माथ्यावर जिथं मातीचा थर वीतभर आहे तिथं गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि पाण्याचा वेग मोडतात. तो माळ नांगरला गेला की पहिल्या दोन-चार वर्षांत पीक येतं, मग माती ओढ्यात आणि ओढा गाळात. म्हणून आराखड्यात ‘पूर्वी इथं जंगल होतं, म्हणून वृक्षलागवड’ एवढंच लिहू नका. शीटवर जिथं हिरवं आहे तिथं झाडं लावा. जिथं पांढरं आहे आणि उतार आहे तिथं आधी चराईचे नियम, गवताचं बी आणि समतल चर यांचा विचार करा. खड्डे खणून रोपं लावली आणि तिसऱ्या वर्षी नुसते खड्डे उरले, असं होऊ नये.

नावांबद्दल थोडं. जुन्या इंग्रजी शीटवर धाराशिव ‘धारासेओ’ दिसेल, परांडा ‘परेंडा’. वाड्या-वस्त्यांची नावं तर मराठीतून, कधी उर्दूतून, कधी मद्रासकडच्या मोजणीदाराच्या कानातून गेलेली. लगेच चुकीचं म्हणून टाकून देऊ नका. मोठ्यानं वाचा, गावातल्या म्हाताऱ्यांना ऐकवा. एखादं ‘झरी’, ‘पाणवठा’, ‘हिवरा’ असलं नाव त्यातून बाहेर पडलं तर तो पाण्याचा किंवा झाडाचा पुरावाच आहे, रंगापेक्षाही जुना.

नकाशा काय सांगणार नाही, हेही स्पष्ट करू. मालकी. टोपोशीटवर गट नंबर नसतात, ओढ्यावर कुणी अतिक्रमण केलं हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखचा गाव नकाशा, टिपण आणि सातबारावरचा पोटखराबा बघावा लागतो. आपल्याच जिल्ह्यातल्या उपळ्याची बातमी २०२२ मध्ये गाजली होती. तिथं ३२ एकर जमीन माकडांच्या नावानं नोंदलेली आहे. टोपोशीट कितीही बारकाईनं बघा, त्यात हे कधीच दिसणार नाही. तसंच सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी यांचे जलाशय किती जुन्या शीटवर नाहीत, यावरून शीटचं वय ताडता येतं. पण त्याआधी शीटच्या तळाशी बघा. मोजणीचं वर्ष वेगळं आणि छपाईचं वर्ष वेगळं असतं. १९५५ साली छापलेल्या कागदावर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं रान असू शकतं. वाद घालताना मोजणीचं वर्ष सांगायचं, छपाईचं नाही.

मिळवायची कुठून? सर्वेक्षण विभागानं २००५च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी खुल्या शीटांची वेगळी मालिका काढली आणि २०१७ पासून त्या ऑनलाइन मोफत देऊ केल्या. त्यांचे क्रमांक वेगळे असतात; आपला भाग ‘ई ४३’ पासून सुरू होतो. आजच्या स्थितीसाठी त्या घ्या. जुन्यासाठी अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागानं १९५०च्या दशकात सर्वेक्षण विभागाच्याच नकाशांवरून काढलेली अडीच लाखांच्या प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं इंटरनेटवर ठेवली आहे. ती पाणलोटाचं मोठं चित्र आणि जलविभाजक बघायला छान, पण ओघळ मोजायला कामाची नाही. एक इंची जुनी शीट हवी असेल तर विद्यापीठांचे भूगोल विभाग आणि जुन्या महाविद्यालयांची कपाटं गाठा. भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी घेतलेल्या शीटा तिथं सुरळी करून पडलेल्या असतात, बऱ्याचदा कोपऱ्यात वाळवी लागलेल्या. विनंती केली तर सपाट उजेडात फोटो घेऊ देतात. फोटो घेताना चारही कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश यायलाच हवेत. ते असतील तर गावातलं एखादं संगणक जाणणारं पोरगं क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत ती शीट आजच्या उपग्रह चित्रावर बसवून देईल. ओढे थोडे सरकलेले दिसतील, ते जुन्या आणि नव्या मापनाच्या आधारातला फरक म्हणून. एखाद्या जुन्या देवळाच्या किंवा किल्ल्याच्या बुरुजाच्या खुणेवर जुळवून घ्या. परांड्याचा किल्ला यासाठी उत्तम, तो हलणारा नाही.

आणि मग कागद घडी करून खिशात घाला आणि माथ्यावर जा. मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी. ओल्या मुरमावर पाण्यानं ओढलेल्या रेघा तेव्हा अजून पुसलेल्या नसतात. सोबत दोन्ही तटांतली दोन-दोन माणसं आणि एखादा जुना गुराखी असला तर उत्तम. प्रत्येक व्ही पाशी थांबून खूण करत खाली या.

सोनारीच्या मंडळींनी हे केलं तर काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा, फोटो पाठवलेत तर इथं देऊ. पुढच्या भागात गाव नकाशा आणि टिपण वाचायला शिकू. तोपर्यंत नमस्कार.